शून्य गंभीर चुका

एनर्जीप्लस म्हणजे इमारत वर्षभर किती तापेल, किती ऊर्जा खाईल याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर. रन संपला की ते मागे एक छोटी मजकुराची फाइल ठेवतं. तिची शेवटची ओळ मला पाठ आहे: 'एनर्जीप्लस कम्प्लीटेड सक्सेसफुली'. त्याच ओळीत पुढे इशारे किती, गंभीर चुका किती, वेळ किती लागला. माझ्या पहिल्या मोठ्या मॉडेलला 14 इशारे होते आणि गंभीर चुका शून्य. तो शून्य बघून मी खुर्चीत मागे रेलले होते. आणि ती इमारत उलटी होती.

उलटी म्हणजे डोक्यावर उभी नव्हे. तिच्या भिंती आतल्या बाहेर झाल्या होत्या. या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचे थर बाहेरून आत लिहायचे असतात. आधी बाहेरचा गिलावा, मग इन्सुलेशन, मग काँक्रीट, मग आतला गिलावा. मी आतून बाहेर गेले. सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, आणि वाटावं तरी का? आतून इन्सुलेशन लावलेल्या भिंती जगात ढिगाने आहेत. यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून उष्णता किती सहज जाते तो आकडा, तपासली, तर तीही दशांशापर्यंत बरोबर. बरोबर येणारच होती म्हणा. प्रत्येक थराचा अडथळा मिळवत जायचा आणि शेवटी उलटा करायचा, एवढाच तो हिशेब. तीन अधिक पाच काय नि पाच अधिक तीन काय.

चूक पकडली सरांनी, आणि त्यांनी माझ्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते एकच आलेख बघत होते. सुट्टीच्या आठवड्यात एसी बंद असताना एका खोलीचं तापमान तासातासाला कसं हलतं, त्याचा.

"अगं, काँक्रीटची खोली आहे ना ही? मग दुपारी पत्र्याच्या शेडसारखी उसळतेय कशी?"

मी यू-व्हॅल्यू दाखवायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. "ते ठीक आहे गं. भिंत कुठे आहे ते सांग. भिंत बाहेर उन्हात उभी केलीयस तू, आणि खोलीच्या वाट्याला नुसता थर्माकोल दिलायस."

यू-व्हॅल्यू एवढंच सांगते की बाहेर कायम अमुक आणि आत कायम तमुक तापमान असेल, तर भिंतीतून किती उष्णता जाईल. ती 'किती' सांगते, 'केव्हा' सांगत नाही. पण बाहेर काहीच कायम नसतं. सूर्य उगवतो, चढतो, कलतो, आणि भिंत हे सगळं उशिराने आणि थोडं मऊ करून आत पोचवते. हे गणित फ्रेंच गणितज्ञ फूरियेने 1822च्या त्याच्या ग्रंथात मांडलं. एखाद्या पृष्ठभागावर तापमानाची लाट रोज येत राहिली, तर ती आत शिरताना विझत आणि मागे पडत जाते. साधं काँक्रीट धरलं तर सुमारे 14 सेंटिमीटर खोलीवर रोजच्या चढउताराचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग उरतो, आणि तिथली दुपार बाहेरच्या दुपारनंतर जवळजवळ पावणेचार तासांनी होते. हा आकडा मी अनेकदा कागदावर काढला आहे आणि दर वेळी मला तो गमतीचा वाटतो. एकाच भिंतीत एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या वेळा नांदत असतात.

आता हेच काँक्रीट इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला असलं, तर ते खोलीचं असतं. खिडकीतून आलेलं ऊन, माणसांची ऊब, दिव्यांची उष्णता, सगळं ते पोटात घेतं आणि रात्री सावकाश परत करतं. तेच बाहेर टाकलं, तर त्याचा सगळा संसार सूर्याशी. खोलीला त्याचा आधार उरत नाही. माझ्या मॉडेलमध्ये जमिनीवर कार्पेट होतं, वर हलकं खोटं छत होतं, आणि भिंती मी अशा हद्दपार केलेल्या. त्या खोलीला धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. दुपारच्या शिखरासाठी लागणारा एसी गरजेपेक्षा मोठा निघत होता, आणि माझ्या अहवालात त्याची शिफारस अगदी ठाम भाषेत लिहून तयार होती.

भिंतीला आठवण असते, हे मी तेव्हा शिकले. हे कवित्व नाही, सॉफ्टवेअरमध्ये ते अक्षरशः तसंच लिहिलेलं आहे. 1967 मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या स्टीफनसन आणि मिटालस यांनी भिंतीतली उष्णता मोजायची एक पद्धत मांडली. दर तासाला फूरियेचं समीकरण नव्याने सोडवत बसायचं नाही. भिंतीच्या थरांवरून एकदाच आकड्यांची एक माळ काढून ठेवायची: आत्ताच्या तापमानाला किती वजन, तासापूर्वीच्याला किती, दोन तासांपूर्वीच्याला किती. मग आत्ता भिंतीतून किती उष्णता आत येते, हा नुसता गुणाकार-बेरजेचा प्रश्न उरतो. तेव्हाच्या संगणकांना तेवढंच झेपण्यासारखं होतं. पुढे या पद्धतीत सुधारणा झाल्या, पण आज माझ्या लॅपटॉपवर एनर्जीप्लस भिंती सोडवतं तेही मुळात याच वळणाने. काचेची माळ अगदी तोकडी असते. तिला मागचं काही आठवतच नाही. जाड दगडी भिंतीची माळ लांबच लांब. एखाद्या मॉडेलवर मला शंका आली की मी आधी या माळा उघडून बघते. लोक थ्रीडी चित्र फिरवून बघतात. चित्र काय, कोणालाही भुलवतं.

आठवणीची दुसरी गोष्ट आणखी मजेशीर आहे. आठवण ठेवायची म्हणजे मागे काहीतरी घडून गेलेलं असावं लागतं, आणि मॉडेलला भूतकाळ नसतो. 1 जानेवारीच्या पहिल्या मिनिटाला इमारत जन्माला येते, तीही 23 अंशांवर. बाहेर थंडी असो की उकाडा, तिला सगळीकडे 23. मग सॉफ्टवेअर काय करतं, तर तोच पहिला दिवस पुन्हा पुन्हा चालवतं. आजच्या आवृत्तीत आणि कालच्या आवृत्तीत फरक पडेनासा झाला, की इमारत आपला कृत्रिम जन्म विसरली असं धरतं आणि 2 जानेवारीकडे सरकतं. फेऱ्यांची मर्यादा आपण वाढवली नाही तर 25 फेऱ्यांपर्यंत वाट बघतं. हलकी इमारत चटकन विसरते. जड इमारतीला वेळ लागतो, आणि फारच जड असली तर इशारा येतो की अजून हिची घडी बसलेली नाही. माझ्या त्या 14 इशाऱ्यांत असा एकही नव्हता. इतक्या जाड काँक्रीटची इमारत इतक्या लवकर कशी काय विसरली, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

या धंद्याचा इतिहास सांगायचा तर तो बराचसा नावांचा इतिहास आहे, आणि ती नावं बाहेर कोणाला माहीत नसतात. ही सगळी एनर्जीप्लससारख्याच सॉफ्टवेअरची नावं. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात ईएसपी-आर सत्तरच्या दशकात घडलं. त्याच दशकात, 1975 मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातून ट्रन्सिस बाहेर पडलं. अमेरिकी सरकारच्या पैशावर डीओई-2 आणि ब्लास्ट अशी दोन वेगळी घराणी वाढली, आणि दोघांचे गुण घेऊन 2001 मध्ये एनर्जीप्लस आलं. आधी फोरट्रान या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेलं होतं, नंतर सी-प्लस-प्लस या भाषेत आणलं. एवढं पुरे.

त्यापेक्षा हवामानाच्या फाइलबद्दल बोलावं. कुठल्याही मॉडेलला वर्षभराचं हवामान लागतं: 8760 तास, प्रत्येक तासाचं तापमान, आर्द्रता, वारा, सूर्याचं सरळ ऊन, आकाशातून विखरून आलेलं ऊन. हे वर्ष कुठलं? उत्तर असं की कुठलंच नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत एक पद्धत ठरली, आणि आजच्या बहुतेक फाइली तिच्याच वंशातल्या आहेत. बऱ्याच वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, त्यातला सर्वांत 'नेहमीसारखा' जानेवारी निवडायचा, मग सर्वांत नेहमीसारखा फेब्रुवारी, आणि असे बारा महिने शिवून एक वर्ष तयार करायचं. जानेवारी एका सालातला, फेब्रुवारी दुसऱ्याच सालातला. शिवण दिसू नये म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंचे सहा-सहा तास घासून गुळगुळीत करतात. म्हणजे 31 जानेवारीची रात्र खऱ्या अर्थाने कधी कोणी अनुभवलेलीच नाही.

सरासरी कामासाठी ही युक्ती झकास आहे. पण निवडताना चाळणी कशाला लावली ते विसरून चालत नाही. जे नेहमीसारखं तेवढंच चाळणीतून खाली आलं; ज्या आठवड्यात रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं, तो आठवडा वरच राहिला. शिवाय या नोंदी मागच्या दशकांतल्या. आज बांधायची इमारत पुढची पन्नास वर्षं उभी राहणार, आणि आम्ही तिची परीक्षा घेतो ती तिच्या जन्माआधीच्या, त्यातही सौम्य निवडलेल्या हवामानावर. अलीकडे पुढच्या काळाचा अंदाज घालून बदललेल्या फाइली मिळतात, मी त्याही चालवते. पण अहवालात त्यांचा आलेख शेवटच्या पानांत जातो आणि बैठक तोवर संपलेली असते.

मग लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं, की या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा? मी त्यांना एका खोक्याची गोष्ट सांगते. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एका प्रकल्पातून बेस्टेस्ट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. इमारत म्हणजे निव्वळ खोकं: 8 मीटर लांब, 6 रुंद, 2.7 उंच, दक्षिणेला 12 चौरस मीटर काच. भिंतीचा प्रत्येक थर दिलेला, हवामान दिलेलं, आत माणूस नाही. वेगवेगळ्या देशांतल्या जाणकारांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये हे एकच खोकं सोडवलं. हलक्या भिंतींच्या खोक्याला वर्षभर उबदार ठेवायला किती उष्णता लागेल, याची उत्तरं सुमारे 4.3 मेगावॉट-तासांपासून 5.7 पर्यंत पसरली. तळापासून माथ्यापर्यंत एक तृतीयांशाचा फरक, आणि तोही त्या विषयात हयात घालवलेल्या लोकांच्या हातून, माणूस नसलेल्या खोक्यासाठी.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धवट राहते. त्याच चाचणीत खोक्याचे एसी-हीटर बंद ठेवून ते नुसतं उन्हात सोडलं, तर हलकं खोकं आतून 65 अंशांच्या आसपास आणि त्याच्याही वर जातं. भिंती-जमीन जड केली की तेच खोकं चाळिशीच्या थोडं वर जाऊन थांबतं. हे मात्र झाडून सगळी सॉफ्टवेअर सांगतात. नेमका आकडा कोणता यावर भांडण. जड खोकं किती निराळं वागतं यावर एकमत. माझं सगळं काम या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालतं. 'बिल किती येईल?' असं विचारलंत तर मी चाचरेन. 'छज्जा वाढवू की काच बदलू?' असं विचारलंत तर मी टेबलावर मूठ आपटून सांगेन. दुर्दैवाने सगळ्यांना पहिल्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं, आणि ते दोन दशांशांत हवं असतं. सॉफ्टवेअर ते देतंही. दशांश द्यायला त्याचं काय जातं?

आता माणसं. मॉडेलमध्ये खुर्चीत बसून काम करणारा माणूस म्हणजे साधारण 120 वॉटची उष्णता आणि थोडा घाम. तो नऊला येतो, एकला अर्धा होतो, दोनला पुन्हा पूर्ण होतो आणि सहाला नाहीसा होतो. याला शेड्यूल म्हणतात: 0 ते 1 मधल्या आकड्यांची ओळ. सकाळी 0.5 म्हणजे अर्धी माणसं आलीत, असं आम्ही धरतो. प्रत्येक माणूस अर्धा आलाय असं धरलं तरी समीकरणाला चालतं. हा माणूस खिडकी उघडत नाही. त्याला ऊन डोळ्यांवर आलं तर तो पडदा ओढतो, आणि ऊन गेलं की शहाण्यासारखा परत सरकवतो. एकदा ओढलेला पडदा आठवडाभर तसाच ठेवून दिवसाढवळ्या दिवे लावून बसणारी माणसं मी प्रत्यक्षात पाहिली आहेत, मीही त्यातलीच एक आहे. पण मॉडेलमध्ये आम्ही असे नसतो.

डेन्मार्कच्या फँगर या संशोधकाने 1970च्या सुमारास, माणसाला खोलीतली हवा कितपत सुखाची वाटेल यासाठी जे समीकरण दिलं, ते तरी या बाबतीत प्रामाणिक आहे. तापमान, आर्द्रता, वारा, कपडे, हालचाल, सगळं अगदी मनासारखं जुळवून आणलं तरी त्यातला नाराजांचा आकडा 5 टक्क्यांच्या खाली उतरतच नाही. शंभर माणसांत पाच जण कुरकुरणारच, हे थेट गणितातच लिहून ठेवलंय. रिमोटवरून भांडणाऱ्या प्रत्येक ऑफिसात हे समीकरण फ्रेम करून लावायला हरकत नाही.

माणसांमुळे सगळ्यात जास्त गोची होते ती मॉडेल खऱ्या इमारतीशी जुळवताना. याला कॅलिब्रेशन म्हणतात. बारा महिन्यांची बिलं एका बाजूला, मॉडेलचे बारा आकडे दुसऱ्या बाजूला. अ‍ॅशरे या एसी-हीटिंगवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेच्या चौदाव्या मार्गदर्शिकेप्रमाणे महिन्यांच्या हिशेबात एकूण कल, म्हणजे सगळी मिळून तफावत, 5 टक्क्यांत आणि महिन्यामहिन्याचं विखुरणं 15 टक्क्यांत बसलं, की मॉडेल जुळलं असं म्हणायची मुभा मिळते. आता कबूल करते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा झिरपणाऱ्या हवेचा आकडा घेतला आणि तो फिरवत बसले. फटींतून तासाला खोलीभर हवा किती वेळा बदलते, हे कोणी मोजलेलं नसतं. त्यामुळे तो आकडा म्हणजे घरातला माळा: जे कुठेच बसत नाही ते वर टाकून द्यायचं. अर्धं, पाऊण, एक, सव्वा. सव्वाला जुळलं. आलेखाच्या दोन रेघा एकमेकींना इतक्या चिकटल्या की मी त्याची छापील प्रत काढली.

मग त्या इमारतीत जाऊन बसायची वेळ आली. तोवर माझं सगळं उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. आगपेटीएवढी तापमान नोंदवणारी यंत्रं आम्ही खोल्यांत अडकवली, दर पाच मिनिटांनी एक नोंद, तीन आठवडे. फटी बऱ्यापैकी बंद होत्या. माझी सव्वा हवा कुठेच नव्हती. त्याऐवजी एक सर्व्हर होता, जो नकाशात नव्हता आणि रात्रंदिवस चालू होता, आणि एक एसी होता, ज्याचं वेळापत्रक कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवलं होतं. माझी एक खोटी गोष्ट दोन खऱ्या गोष्टींच्या बेरजेइतकी भरली, आणि महिन्याच्या बिलाला ते पुरलं. त्या मॉडेलवर विसंबून मी फटी बुजवायचा सल्ला देणार होते. बुजवायला फटीच नव्हत्या.

त्या तीन आठवड्यांच्या नोंदींत एक गोष्ट मात्र काही केल्या सुटेना. कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास तापमान एकदम अडीच अंशांनी पडायचं आणि तासाभरात जवळजवळ जागेवर यायचं. कामाच्या प्रत्येक दिवशी. सुट्टीला नाही. एसीच्या नोंदींत त्या वेळी काहीच नव्हतं. यंत्र बिघडलंय म्हणून मी ते बदललं. दुसऱ्यानेही तेच दाखवलं. एवढा खड्डा इतक्या लवकर भरून कसा येतो, हे तेवढं मला कळत होतं. शंभर घनमीटर हवा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी साठ लिटर काँक्रीट एक अंशाने निवताना देऊन टाकतं. तीन-चार बादल्या. खोलीतली सगळी हवा बदलून टाकली, तरी भिंतीला ते चिल्लर खर्चाइतकंच. हवा विसरते, भिंत परत आणून देते. पण हवा बदलत कोण होतं?

शेवटी एके दिवशी मी साडेपाचला त्या खोलीत जाऊन बसले. ऑफिस रिकामं होत होतं. मावशी झाडू आणि बादली घेऊन आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ खिडक्यांकडे गेल्या. एक, दोन, तीन, चार. खटके इतके घट्ट होते की एकाला त्यांनी झाडूच्या दांड्याने मारलं.

"मावशी, रोज उघडता तुम्ही या?"

"मग काय तर! दिवसभर कोंडून बसतात सगळी. झाडलेली धूळ जाणार कुठं?"

"आणि बंद कधी करता?"

"पुसून झालं की." मग जरा थांबून, "का हो? उघडायच्या नाहीत का?"

मी म्हटलं, उघडा, अगदी उघडा. त्या कामाला लागल्या आणि मी घड्याळ बघत बसले. अठरा मिनिटं.

रात्री मी मॉडेल उघडलं. नवीन शेड्यूल टाकलं: कामाचे दिवस, पावणेसहा ते सहा वाजून तीन मिनिटं, खिडक्या 1, एरवी 0. सॉफ्टवेअर हिशेब दहा-दहा मिनिटांच्या पावलांनी करत होतं, ती पावलं इथे चालणार नव्हती, म्हणून ती पाच मिनिटांवर आणली. रन दुप्पट लांबला. शेड्यूलला नाव द्यावं लागतं, तिथे 'झाडलोट' लिहिलं. वर्षाच्या एकूण विजेत त्याने काय फरक पडेल, हे मला रन लावायच्या आधीच माहीत होतं: शोधून सापडणार नाही इतका.

रन संपला. इशारे 14, गंभीर चुका 0. मी कोपऱ्यातल्या खोलीचा आलेख उघडला. पावणेसहाला खड्डा होता, पण दीडच अंशाचा. खिडक्या मी अर्ध्या धरल्या होत्या. मावशी त्या भिंतीला टेकेपर्यंत उघडतात.